दोन पावसाळे पडीक राहिलेला सोसायटीतील भाजीचा वाफा पुन्हा लागवडीखाली कसा आणावा?

प्रश्न: परसदार, पुणे

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मागील बाजूस, संरक्षक भिंतीलगत एक लांबट मोकळी जागा आहे. काही वर्षांपूर्वी रहिवाशांनी तेथे सामाईक भाजीबाग सुरू केली आणि ज्या कुटुंबांना आवड होती त्यांना साधारण वीस फूट लांब व दहा फूट रुंद असा एकेक तुकडा लागवडीसाठी दिला. त्यांपैकी एक कुटुंब परगावी गेल्यामुळे त्यांचा तुकडा दोन पावसाळे तसाच पडून राहिला. आता व्यवस्थापन समितीने तो माझ्याकडे सोपवला आहे.

सध्या तेथे कमरेइतके रान माजले आहे. बारीक पांढऱ्या फुलांमुळे गाजर गवत सहज ओळखू येते. त्याच्या खाली हरळीचे घट्ट जाळे पसरले आहे. याशिवाय गडद हिरव्या, चकचकीत पात्यांचे एक तण सर्वत्र दिसते. त्याचा दांडा बोटांत फिरवला तर त्रिकोणी लागतो, आणि ते उपटले की वरचा भाग हातात येतो व खाली काहीतरी तुटून राहिल्याचे जाणवते. भिंतीच्या कोपऱ्यात जुना कढीपत्ता आणि अळू तग धरून आहेत. मी एका जागी कुदळीने खणून पाहिले असता वरची वीतभर माती काळसर व बरी दिसली, मात्र त्याखाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा लागला.

पाऊस ओसरत आला आहे आणि हिवाळी भाज्यांचा हंगाम वाया जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. शेजारच्या तुकड्यावर लागवड करणाऱ्या एका सद्गृहस्थांचा सल्ला असा, की छोटा पॉवर टिलर भाड्याने आणून सगळी जमीन एकदाच उलथून टाकावी आणि लगेच मेथी, कोथिंबीर, पालक फेकून मोकळे व्हावे. समितीतील काही जण तणनाशक फवारावे असे म्हणतात. मला घाई नाही, पण दिशा चुकू नये असे मनापासून वाटते. सुरुवात नेमकी कोठून करावी, आणि या हंगामात त्या जागेकडून कितपत अपेक्षा ठेवावी?

उत्तर: काळीमाती, सातारा जिल्हा

सर्वांत आधी एक विनंती करतो, की पॉवर टिलर आणू नये. आपण केलेल्या वर्णनावरून त्रिकोणी दांड्याचे तण म्हणजे लव्हाळा आहे याविषयी मला शंका नाही, आणि हरळी व लव्हाळा ही जोडी ज्या जमिनीत आहे तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र चालवणे म्हणजे त्यांची लागवड करण्यासारखे आहे. हरळी जमिनीवरून आडव्या धावत्या खोडांनी आणि जमिनीखालून पांढऱ्या, टोकदार कंदखोडांनी पसरते. यंत्राने त्यांचे तुकडे केले की ज्या ज्या तुकड्यावर एखादे पेर शिल्लक आहे तो प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे रुजतो. पहिले दोन आठवडे जमीन अतिशय स्वच्छ दिसते, त्यामुळे माणूस समाधानाने बी टाकतो, आणि मग मेथीच्या दोन पानांबरोबरच हरळीही वर येते. त्या वेळी मेथी न उपटता हरळी काढणे शक्य होत नाही.

लव्हाळ्याचा स्वभाव समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण आपले पुढचे सगळे नियोजन त्यावर ठरेल. त्याच्या मुळाशी तपकिरी-काळ्या गाठी असतात आणि त्या जमिनीखाली बारीक तंतूंनी एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असतात. साखळीतील एका गाठीला कोंब फुटलेला असेल तोवर बाकीच्या पुष्कळशा गाठी निद्रिस्त राहतात; साखळी तोडली की त्या जाग्या होतात. म्हणून लव्हाळा नुसता वरून उपटला तर एका रोपाच्या जागी चार दिसू लागतात आणि लोक हताश होतात. परंतु कोंब वर आल्यापासून नव्या गाठी धरायला त्याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत तो जुन्या गाठीतील साठ्यावर जगत असतो. दर पंधरवड्याला न चुकता खुरपले, तर साठा खर्च होत जातो आणि भर पडत नाही. हे एका हंगामात पूर्ण होत नाही, कारण गाठी कित्येक वर्षे जिवंत राहू शकतात. मात्र नेटाने केल्यास पहिल्या वर्षाअखेर फरक स्पष्ट दिसतो. थंडीत लव्हाळ्याची वाढ मंदावते, त्यामुळे आपल्या हाती काम आले आहे ती वेळ चांगली आहे.

आता कामाचा क्रम सांगतो. प्रथम उभे रान विळ्याने जमिनीपासून चार बोटे उंचीवर कापून घ्यावे. असे दाट रान कापताना कडेपासून आत जावे, गमबूट घालावेत आणि पुढे काठीने आपटत जावे, कारण पुण्याच्या आसपास अशा जागी घोणस किंवा विंचू असणे अजिबात दुर्मीळ नाही. गाजर गवतासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि नाकातोंडावर रुमाल अवश्य असावा. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेवर चट्टे उठतात आणि परागकणांमुळे दम्याचा त्रास वाढतो. घरात कोणाला तसा त्रास असेल तर हे काम त्यांना देऊ नये.

रान कापल्यावर कढीपत्ता आणि अळू यांच्याभोवती खुणेच्या काठ्या रोवून ठेवाव्यात. अळूचे कंद मात्र एका कोपऱ्यात हलवणे बरे, अन्यथा तो पुढे वाफ्यावर हक्क सांगेल. मग पाऊस थांबून जमिनीला वापसा येईपर्यंत थांबावे. ओल्या काळ्या मातीत पाय घातला तर ती दाबली जाऊन ढेकळे बनतात, आणि पूर्ण सुकली तर कुदळ लागत नाही. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा, ही योग्य वेळ. त्या वेळी कुदळीने घाव न घालता चार दातांच्या फोर्कने किंवा पहारेने माती खालून उचलावी, हलवावी आणि हरळीची खोडे व लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचाव्यात. बहुतेक गाठी वरच्या वीतभर थरात सापडतात. काम कंटाळवाणे आहे, हे मान्यच करावे लागेल. पण लव्हाळ्यापुरते बोलायचे तर या वेचणीइतके गुणकारी दुसरे काहीही मी पाहिलेले नाही.

सगळा तुकडा एकदम हाती घेऊ नये. दहा फूट रुंदीत चार-चार फुटांचे दोन वाफे आणि मध्ये दोन फुटांची वाट अशी आखणी केली, तर दोन्ही वाफ्यांत पाय न ठेवता हात पोहोचतो. त्यांपैकी एक वाफा या हंगामात नीट करावा आणि दुसऱ्यावर रान वाढू न देता तो फक्त कापत राहावा. आपला वेळ किती आहे ते आपणच जाणता, पण नोकरी सांभाळणाऱ्या माणसासाठी एका हंगामात ऐंशी चौरस फूट ही पुरेशी जमीन आहे.

पिकांविषयी माझे मत थोडे कठोर वाटेल. या हंगामात फेकून पेरायची एकही पालेभाजी घेऊ नये. कांदा आणि लसूणही टाळावेत, कारण त्यांची पात उभी व बारीक असल्यामुळे जमिनीवर सावली पडत नाही, आणि लव्हाळ्याला सावलीच नकोशी असते. वांगी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांची तयार रोपे ओळीत लावावीत, म्हणजे दोन ओळींमधून खुरपे मोकळे फिरते. जमिनीवर पसरणारी चवळी किंवा रताळ्याचे वेल मोकळ्या कोपऱ्यात सोडावेत. मेथी-कोथिंबिरीची इच्छा असेल तर ती कुंडीत पूर्ण करावी. वाफ्यात त्यांना पुढच्या वर्षी मानाने जागा मिळेल.

उत्तर: गच्चीतली_बाग, ठाणे

वरील उत्तरातील बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, परंतु दुसऱ्या वाफ्याविषयी थोडे वेगळे सुचवते. तो नुसता कापत राहण्यापेक्षा झाकून ठेवावा. आमच्या संकुलातील बागेत गवत कापून, जमीन भरपूर भिजवून, तिच्यावर जाड पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांवर वीतभर चढवून पसरले जातात आणि त्यांवर पालापाचोळ्याचा वीतभर थर देतात. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आणि पिना आधी काढाव्या लागतात, आणि चकचकीत छपाईचा पुठ्ठा घेऊ नये. गाजर गवताचे वरच्या थरात पडलेले बी उजेडाअभावी उगवत नाही आणि हरळी बरीच कमकुवत होते. कडेने ती डोके काढते, तेवढी मात्र लक्ष ठेवून उपटावी लागते.

लव्हाळ्याच्या बाबतीत मात्र पुठ्ठ्यावर विसंबू नये, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि तो पुठ्ठाच काय, शेतात अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागदही भेदून वर येतो. म्हणून ज्या भागात लव्हाळा दाट आहे तेथे आधी गाठी वेचाव्यात आणि जेथे मुख्यतः हरळी व गाजर गवत आहे तेथे झाकण्याची पद्धत वापरावी. पुण्यात वाळवीचा त्रास आहे, त्यामुळे पुठ्ठा कोरडा पडू देऊ नये आणि कढीपत्त्याच्या बुंध्याला तो भिडवू नये.

मातीखालच्या मुरुमाची चिंता करू नये असे मला वाटते. राडारोड्यातील सिमेंट-चुन्याचे मोठे तुकडे हाती लागतील तेवढे काढावेत, कारण त्यांमुळे मातीचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे माती अल्कधर्मी होते, आणि बाकीची उंची वरून द्यावी. गादीवाफा करून सहा-आठ इंच माती चढवली की बहुतेक भाज्यांच्या मुळांना पुरेसा वाव मिळतो. त्यासाठी बाहेरून लाल माती विकत आणण्याऐवजी संस्थेच्या आवारातील पालापाचोळा गोण्यांत भरून ठेवण्यास सफाई कर्मचाऱ्यांना सांगावे. पुण्यात थंडी संपताना पानगळ होते तेव्हा तो मुबलक मिळतो आणि बहुतेक ठिकाणी कचऱ्याच्या गाडीत जातो. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने कुजलेल्या काडीकचऱ्यापासून सुपीक माती घडवण्याचा विचार महाराष्ट्रात घरोघर नेला. शहरातल्या माणसाला परवडेल अशी याहून चांगली वाट मला माहीत नाही.

परसदार, पुणे

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे एका ठिकाणी माती हलक्या हाताने उकरली, आणि खरोखरच काळसर गाठींची साखळी सापडली. भिंतीकडील अर्ध्या भागात ती फार दाट आहे, वाटेकडील भागात मुख्यतः हरळी आहे. त्यामुळे भिंतीकडचा वाफा वेचून तयार करावा आणि वाटेकडचा झाकावा असे ठरवले आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. समितीसमोर तणनाशकाचा मुद्दा पुन्हा येईल, तेव्हा त्यांना काय सांगावे? आणि काढलेले गवत व गाठी संस्थेच्या खतखड्ड्यात टाकल्या तर चालतील का? खतासाठी किती शेणखत आणावे याचाही अंदाज मिळाला तर बरे होईल.

उत्तर: काळीमाती, सातारा जिल्हा

तणनाशकाच्या मुद्द्यावर समितीला कायद्याची बाजू आधी सांगावी. लोक ज्याचा आग्रह धरतात ते बहुधा ग्लायफोसेट असते, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. कोणी दुकानातून बाटली आणून पंपाने फवारावे अशी ती वस्तू राहिलेली नाही. उसातील लव्हाळ्यासाठी शेतकरी जे निवडक तणनाशक वापरतात ते उसासाठी आहे, नाना तऱ्हेच्या भाज्यांच्या छोट्या वाफ्यासाठी नाही. शिवाय फवाऱ्याचे तुषार शेजारच्या तुकड्यांवरील टोमॅटो-वांग्यांवर गेले, तर ज्यांनी वर्षभर मेहनत केली त्यांचे नुकसान होईल. जेथे मुले खेळतात आणि माणसे तोडलेली काकडी तेथेच धुऊन खातात, तेथे हा उपाय मला मान्य नाही.

खतखड्ड्याविषयी भेद करावा लागेल. फुलावर न आलेले गाजर गवत आणि इतर हिरवे गवत खड्ड्यात बिनदिक्कत जाऊ शकते. आपल्याकडील गाजर गवत फुलांवर आहे, म्हणून ते टाकू नये. त्याच्या एका झाडापासून हजारो बिया तयार होतात आणि संस्थांमधील छोटे खड्डे इतके तापत नाहीत की बी मरावे. हरळीची खोडे आणि लव्हाळ्याच्या गाठी फरशीवर किंवा पत्र्यावर पातळ पसरून ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण वाळवाव्यात. गाठ फोडल्यावर आत ओलसर पांढरा गर दिसला तर ती अजून जिवंत आहे असे समजावे. ती खडखडीत वाळली की मग खतात घालण्यास हरकत नाही. पाण्याच्या बादलीत बुडवून कुजवण्याचा मार्ग हरळीसाठी ठीक आहे, पण लव्हाळा पाण्याला सहजासहजी दबत नाही. ढीग करून पेटवणे मात्र पूर्णपणे टाळावे.

शेणखताचा हिशेब सोपा आहे. भाजीपाल्यासाठी दर हेक्टरी २० ते २५ टन शेणखताची सर्वसाधारण शिफारस असते, म्हणजे चौरस मीटरला दोन ते अडीच किलो. आपला एक वाफा सुमारे साडेसात चौरस मीटरचा आहे, तेव्हा १५ ते २० किलो पुरेसे होईल. जमीन दोन वर्षे उपाशी आहे म्हणून तीस किलोपर्यंत दिले तरी चालेल. खत पूर्ण कुजलेले, काळे, मातीचा वास येणारे असावे. अर्धवट कुजलेल्या शेणातून हुमणीची अळी वाफ्यात येते आणि वांग्याची उभी झाडे एका आठवड्यात माना टाकतात. माती परीक्षण करायचे असल्यास ते खत घालण्यापूर्वी करावे: वाफ्यातील चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या बाजूची पातळ चकती काढावी, सगळी माती एकत्र मिसळून त्यातील अर्धा किलो सावलीत वाळवावी आणि जवळच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावी.

पुढच्या उन्हाळ्याचेही आत्ताच ठरवून ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत भाजी निघाली की वाफा भिजवून त्यावर पारदर्शक, पातळ प्लास्टिकचा कागद ताणून बसवावा, कडा मातीत गाडाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. वरच्या थरातील तणांचे बी आणि मातीतील बरेच रोग त्या उष्णतेने जातात. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी याने मरत नाहीत. तरी कागद पारदर्शक असला की त्याच्या कोंबांची पाने कागदाखालीच उलगडतात आणि होरपळतात, म्हणून येथे काळा कागद वापरू नये. जूनमध्ये पहिल्या पावसावर चौरस मीटरला पाच-सहा ग्रॅम या प्रमाणात ताग दाट पेरावा आणि फुले दिसू लागताच, साधारण दीड महिन्यात, कापून मातीत मिसळावा. तागाच्या दाट सावलीत लव्हाळा दबतो आणि मातीला नत्र मिळते.

उत्तर: रानभाजी, नाशिक

चर्चेत दोन गोष्टी आलेल्या नाहीत, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट शंखी गोगलगायीची. भिंतीलगतच्या ओलसर, गच्च रानात ती दिवसा लपून बसते, आणि आपण रान काढून टाकले की तिच्यासमोर खायला फक्त आपली कोवळी रोपे उरतात. नव्या वाफ्यातील रोपे एका रात्रीत नाहीशी होण्याचे ते एक मोठे कारण असते. माती हलवताना साबुदाण्यासारखी पांढरट अंडी पुंजक्यांनी सापडली तर ती वेचून नष्ट करावीत. रोपे लावण्याच्या आधीच गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्याच्या कडेने टाकून ठेवावीत, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. वाफ्यावर मीठ पसरू नये, त्याने मातीचे नुकसान होते.

दुसरी गोष्ट सीमेची. आपला तुकडा कितीही स्वच्छ केला तरी शेजारच्या वाटेवरून हरळी पुन्हा आत येते, आणि सामाईक बागेत मनस्तापाची सुरुवात बहुतेक वेळा येथूनच होते. दोन तुकड्यांच्या मध्ये जुन्या शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडावेत, फूटभर खोल गेले तर उत्तम. ज्या बाजूला फरशी शक्य नाही तेथे गवती चहाची दाट ओळ लावावी; ती हरळीला बऱ्यापैकी अडवते आणि तिचा उपयोग सगळ्यांना होतो. वाटा कोणी साफ ठेवायच्या हे समितीने लेखी ठरवून द्यावे, म्हणजे ते ओझे एकाच कुटुंबावर पडणार नाही.

आणि उपटण्यापूर्वी थोडे पाहून घ्यावे, कारण अशा रानात तांदुळजा, घोळ, केना आणि कुरडू हमखास असतात. ओळख पक्की असेल आणि त्या जागी पूर्वी औषध फवारलेले नसेल, तर त्यांची भाजी करता येते. ओळखीविषयी किंचितही शंका असेल तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पान तोंडात घालू नये. गाजर गवताच्या पानांवर मळकट पांढऱ्या रंगाचे, पाठीवर तपकिरी रेषा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नये. ते मेक्सिकोतून १९८४ च्या सुमारास मुद्दाम भारतात आणले गेले, कारण ते गाजर गवताची पाने खाऊन फस्त करतात. आता पाऊस संपत आल्याने ते लवकरच मातीत शिरून बसतील, म्हणून भिंतीच्या अगदी कडेची, न खणलेली हातभर पट्टी त्यांच्यासाठी तशीच राहू द्यावी. पुढच्या जूनमध्ये ते तेथूनच वर येतील.